ओंकाराला तोंड उघडावं की नाही?

वाचक लिहितात:

"मी 47 वर्षांची, सांगलीजवळच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. कंबरदुखीमुळे दिवाळीपासून पहाटेच्या योगवर्गाला जाऊ लागले. आसनांनी चांगला फरक पडला. अडचण वेगळीच आहे. वर्ग 11 ओंकारांनी सुरू होतो आणि शांतिमंत्राने संपतो. माझे वडील अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातले. माहेरी देवघर नव्हतं, मी कधी जप-स्तोत्र केलं नाही. त्यामुळे ओंकार सुरू झाला की मी ओठ मिटून बसते. परवा सर सर्वांसमोर म्हणाले, 'ओंकाराशिवाय योग म्हणजे नुसती कवायत.' उच्चार चुकला तर उलटा परिणाम होतो, असंही म्हणाले. एकदोनदा म्हणून पाहिलं, तर शेजारच्या बाईंचा ओंकार चालूच आणि माझा श्वास संपलेला. घरी सासूबाई (वय 78) दिवेलागणीला रामरक्षा म्हणतात आणि 'हाच माझा योग' असं मला सुनावतात. वर्गाच्या ग्रुपवर सूर्यातून ओंकार ऐकू येतो असा 'नासा'चा व्हिडिओ फिरतोय. मला एवढंच कळायला हवंय: मंत्र म्हणण्याचा शरीर-मनाला खरंच काही फायदा होतो का? आणि श्रद्धा नसताना तो म्हणणं ढोंग ठरेल का?"

नमस्कार ताई,

थेट उत्तरं आधी देते. फायदा होतो. तो बेताचा आहे, पण खरा आहे, आणि त्यातला बराचसा श्वासाच्या वाटेने येतो. ढोंगाचं म्हणाल, तर मनात नसलेली भक्ती चेहऱ्यावर आणणं हे ढोंग. आवाज लांबवत श्वास सोडण्यात कसलं ढोंग? तुमच्या सरांनी आणि त्या ग्रुपने मिळून साध्या गोष्टीचा बराच गुंता करून ठेवलाय, तो जरा सोडवू.

व्हिडिओ पहिल्यांदा बाजूला काढू. सूर्याचा पृष्ठभाग कंप पावतो हे खरं आहे. शास्त्रज्ञ त्या कंपनांवरून सूर्याच्या पोटात काय चाललंय याचा अंदाज बांधतात. पण त्यातलं ठळक कंपन साधारण पाच मिनिटांना एक, इतकं संथ असतं. आपल्या कानाला सेकंदाला निदान 20 कंपनं लागतात. तुम्ही गणिताच्या बाई, करून पाहा हिशेब: ते ऐकू यायला किमान 6000 पट वेगाने वाजवावं लागेल. त्यात मधे पोकळी, तिच्यातून आवाज येतच नाही. संशोधकांनी वेग वाढवून त्या कंपनांची घरघर ऐकवली आणि कुणीतरी त्यावर ओंकार चिकटवला. गायत्री मंत्रातून सेकंदाला लाखभर लहरी निघतात, हा मेसेजही त्याच घराण्यातला. ओंकाराला असल्या टेकूंची गरज नाही. उलट हे टेकू दिसले की तुमच्यासारखी माणसं मूळ गोष्टीपासूनच चार हात लांब जातात, याचा मला मनापासून राग येतो.

आता शरीराकडे वळू. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण 12 ते 18 वेळा श्वास घेतो. ओंकाराचा आवाज निघतो तो श्वास सोडताना, आणि आवाज लांबवायचा तर श्वास मापून, जपून सोडावा लागतो. दोन-तीन सेकंदांत घेतलेला श्वास सात-आठ सेकंद पुरवला की एक आवर्तन दहा सेकंदांचं झालं, म्हणजे मिनिटाला सहा. 'श्वास मंद करा' असं नुसतं सांगितलं तर माणूस अवघडतो, खांदे वर घेतो, छाती ताणतो. 'ओम् म्हणा' म्हटलं की तोच श्वास आपोआप मंद होतो. वर्गात नवख्या माणसाला दीर्घ श्वसन शिकवण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

श्वास मंद झाल्याने काय होतं? श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित कमी होतात. हे प्रत्येकाच्या शरीरात सतत चालू असतं. सोडण्याचा वेळ लांबला की ठोके कमी करणाऱ्या, शरीर निवांत ठेवणाऱ्या मज्जासंस्थेला जास्त वाव मिळतो. रक्तदाब वरखाली झाला की तो सावरणारी एक यंत्रणा शरीरात असते, तिचीही एक संथ लय असते आणि ती साधारण दहा सेकंदांचीच आहे. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला की या दोन लयी जुळतात.

यावर 2001 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतल्या संशोधकांनी एक अभ्यास छापला. 23 निरोगी माणसांना त्यांनी दोन गोष्टी म्हणायला लावल्या: एक तिबेटी बौद्धांचा 'मणिपद्मे' मंत्र, दुसरी कॅथलिक जपमाळेवरची मेरीमातेची लॅटिन प्रार्थना. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या जवळ आला आणि रक्तदाब सावरणाऱ्या त्या यंत्रणेची तत्परता वाढलेली दिसली. नुसत्या गप्पा मारताना श्वास असा लयीत येत नव्हता. जपमाळेची प्रार्थना अर्धी धर्मगुरूने आणि अर्धी लोकांनी म्हणायची रीत आहे. एकजण म्हणतो तेव्हा दुसऱ्यांना श्वास मिळतो. आपल्याकडे एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची, त्यातही हेच घडतं. तुमच्या वडिलांना हा अभ्यास आवडला असता असं मला वाटतं, कारण त्यात शरीराने कुणालाच धर्म विचारलेला नाही.

आणखी दोन अभ्यासांचा उल्लेख करते. बंगळुरूच्या 'निम्हान्स' या मानसिक आरोग्य संस्थेत 2011 साली मोजक्या निरोगी लोकांच्या मेंदूची चित्रं घेतली गेली, ओंकार म्हणताना आणि तितकाच वेळ नुसता 'स्स्स' असा आवाज काढताना. भीती आणि भावनांशी जोडलेल्या भागांची हालचाल ओंकारात कमी झाली, 'स्स्स'मध्ये तशी झाली नाही. स्वीडनमध्ये 2002 साली असं दिसलं की ओठ मिटून 'म्म्म' करताना नाकातून बाहेर पडणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड वायूचं प्रमाण शांत श्वासापेक्षा सुमारे 15 पट होतं. नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांमध्ये हवा खेळल्याची ती खूण आहे. दोन्ही अभ्यास लहान आहेत. त्यावरून 'ओंकाराने नैराश्य जातं' किंवा 'भ्रामरीने (म्हणजे अशा गुंजारवाने) सायनस बरा होतो' असं कुणी सांगू लागलं, तर ऐका आणि सोडून द्या.

हे झालं शरीराचं. मनाचा फायदा मोजायला अवघड, पण सरावाने तो लवकर लक्षात येतो. पहाटे वर्गाला आलेल्या माणसाचं मन कुठे असतं? डबा, तपासायचे पेपर, काल कुणी काय बोललं. अशा मनाला 'शांत हो' म्हणून ते होत नाही. त्याला काहीतरी हातात द्यावं लागतं. आवाज हे त्यासाठी सोयीचं साधन आहे: तोंड गुंतलेलं, कान गुंतलेला, श्वास गुंतलेला, छाती आणि टाळूला कंप जाणवतोय. एवढं सगळं एका कामाला लागलं की पेपरांचा गठ्ठा मिनिटभर तरी मागे पडतो. डोळे मिटून नुसतं बसलं की काहींना उलट घाबरं होतं, छातीत धडधडतं. अशांनाही आवाज काढत बसणं झेपतं.

पतंजलींनी योगसूत्रांत पहिल्याच पादात हे मांडलंय. 27व्या सूत्रात प्रणव, म्हणजे ओंकार, 28व्यात त्याचा जप आणि त्याच्या अर्थाचं चिंतन. 29व्यात फळ सांगितलंय: दृष्टी आत वळते आणि अडथळे दूर होतात. लगेच पुढे ते नऊ अडथळे मोजून दाखवले आहेत. त्यात आजारपण आहे, जडपणा आहे, शंका आहे, आळस आहे, आणि जमलेलं टिकवता न येणंही आहे. मला त्यापुढचं 31वं सूत्र फार आवडतं. मन विखुरलं की सोबत काय काय येतं त्याची ती यादी: दुःख, खट्टू मन, अंगाची थरथर आणि बिघडलेला श्वासोच्छ्वास. श्वास बिघडणं ही मन बिघडल्याची खूण म्हणून तिथे नोंदवलेली आहे. त्यावरच्या उपायांत जप आहे आणि श्वास सावकाश सोडणंही आहे.

म्हणजे सरांचं 'नुसती कवायत' बरोबर का? अर्धं. योगाच्या आठ अंगांत आसन तिसऱ्या पायरीवर आहे, आणि त्याआधीच्या 'नियम' या पायरीतला स्वाध्याय म्हणजे परंपरेने ओंकारादी मंत्रांचा जप किंवा मोक्षशास्त्राचं वाचन. तेव्हा योगात मंत्राला जागा आहे आणि ती मागाहून चिकटवलेली नाही. पण तेच पतंजली चित्त स्थिर करायला एकापुढे एक पर्याय देतात आणि शेवटी चक्क सांगतात की ज्याला जे रुचेल त्याचं ध्यान करावं. जप हा त्यातला एक रस्ता आहे, टोलनाका नव्हे. आसनात श्वासाकडे लक्ष ठेवून तुमची कंबर सुधारली, तर त्याला कवायत म्हणणं अन्यायाचं आहे. सर्वांसमोर म्हणणं तर अधिकच. 2015 मध्ये पहिल्या आंतरराष्ट्रीय योगदिनाच्या वेळी ओंकारावरून देशभर वाद झाला होता, तेव्हाही सक्ती नाही असंच सरकारकडून सांगण्यात आलं होतं.

वर्गाच्या सुरुवातीला म्हटलं जाणारं सगळंच देवाविषयी असतं असंही नाही. पुण्याला अय्यंगारांच्या संस्थेत वर्ग पतंजलीवंदनेने सुरू होतो. त्या श्लोकाचा आशय असा: योगाने मनाचा, व्याकरणाने वाणीचा आणि वैद्यकाने शरीराचा मळ ज्याने दूर केला, त्या पतंजलींना नमस्कार. योगसूत्रं, महाभाष्य आणि वैद्यक एकाच पतंजलींचं का, यावर विद्वानांत वाद आहे. तो असू दे. एका शिक्षकाचे आभार मानायला एका शिक्षिकेची हरकत नसावी. योगदिनाच्या कार्यक्रमात म्हणतात ते 'संगच्छध्वं' ऋग्वेदाच्या शेवटच्या सूक्तातलं आहे. बरोबर चाला, बरोबर बोला, तुमची मनं जुळू देत, एवढंच ते म्हणतं. अर्थ विचारून घ्या. अर्थ पटला तर म्हणा, नाही पटला तर ऐका. तुम्ही शाळेत रोज परिपाठाला प्रार्थनेसाठी उभ्या राहताच. साने गुरुजींची प्रार्थना म्हणताना तिथे कुणी तुमच्याकडून देवळात जाण्याचं वचन घेत नाही.

तरीही ओम् तोंडातून निघतच नसेल, तर त्याचा शेवटचा तुकडा तेवढा घ्या: ओठ मिटून 'म्म्म'. हठयोगात याच जातीचा गुंजारव भ्रामरी म्हणून प्राणायामात मोजला आहे. श्वासाचा फायदा त्यात पुरेपूर आहे आणि देव कुठेच आड येत नाही. जुन्या पिढीने पाढे, पावकी, निमकी, दिडकी ज्या चालीत घोकली, तीही श्वासाच्या मापानेच बांधलेली होती. तुम्ही उद्या सतराचा पाढा संथ चालीत म्हटलात, तरी शरीराला त्यातला बराच लाभ होईल असं मला वाटतं. मनाला मात्र फार गोडी लागणार नाही. शब्द आपल्या जिव्हाळ्याचे असले की माणूस रोज त्यांच्याकडे परत येतो, आणि अशा सरावात रोज परत येण्यालाच किंमत आहे.

इथे तुमच्या सासूबाईंचा विषय येतो. 'हाच माझा योग' हे त्यांचं वाक्य तुम्ही जरा वैतागून लिहिलंय, पण मी त्यांच्या बाजूने आहे. रामरक्षा बहुतांशी अनुष्टुभ छंदात आहे. आठ अक्षरांचा एक चरण, 16 अक्षरांची एक ओळ. त्या ओळ एका दमात म्हणत असणार आणि ओळीच्या शेवटी श्वास घेत असणार. संथ लयीत सेकंदाला दोन-तीन अक्षरं धरा. ओळीला सहा-सात सेकंद, वर श्वास घ्यायला दोन, म्हणजे मिनिटाला सात आवर्तनं. तुमच्या वर्गातल्या ओंकाराच्या अगदी शेजारची संख्या! आणि रामरक्षेचे 38 श्लोक म्हणजे अशी दहा मिनिटं तर सहज होतात, रोज, बहुधा लग्नाआधीपासून. तुमच्या वर्गातल्या किती जणांचा असा सराव असेल?

त्यातलं कवच नीट ऐका. 'शिरो मे राघवः पातु' पासून सुरुवात होते: डोकं, मग कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड, जीभ, गळा, खांदे, बाहू, हात, हृदय, मध्यभाग, नाभी, कंबर, मांड्या, गुडघे, पोटऱ्या, पावलं, आणि शेवटी सगळं शरीर. शवासनात तुमचे सर एकेका अवयवाकडे लक्ष न्यायला सांगतात ना? सासूबाई तेच करतात, वरून खाली, आणि प्रत्येक अवयव रामाच्या स्वाधीन करत जातात. त्यांच्यासाठी या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. तुमच्यासाठी असू शकतात. एखाद्या संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून त्या श्वास कुठे घेतात एवढंच पाहा. त्यांना दम लागत असेल तर तेही लक्षात येईल. 78व्या वर्षी अर्धी ओळ म्हणून थांबलं तरी चालतं, हे त्यांना तुमच्याकडून कळलेलं बरं. नेहमी पूर्ण होणारी ओळ अलीकडे तुटू लागली असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आता चुकीच्या उच्चाराची भीती. ती आकाशातून पडलेली नाही. जुनी वैदिक कथा आहे: त्वष्टा या देवाने इंद्राचा वध करणारा पुत्र मिळावा म्हणून यज्ञ केला, आणि मंत्रातल्या 'इंद्रशत्रु' या एका शब्दाचा स्वर चुकला. इंद्राला मारणारा, याऐवजी इंद्राकडून मारला जाणारा, असा अर्थ झाला आणि तो पुत्र, वृत्र, मारला गेला. वेदमंत्रांना उदात्त, अनुदात्त, स्वरित असे ठरलेले स्वर आहेत. ते शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जपायला लावण्यासाठी ही गोष्ट शतकानुशतकं सांगितली जाते. ती पहाटेच्या वर्गात कंबर दुखणाऱ्या बाईला घाबरवायला सांगायची नसते. 'ओम्' म्हणताना तुमच्या हातून काही विपरीत घडणार नाही. शांतिमंत्रातला एखादा जोडाक्षरी शब्द अडखळला, तर सरांकडून पुन्हा म्हणवून घ्या. उच्चार शुद्ध असावा हे मात्र मलाही वाटतं, कारण शुद्ध म्हणायचं तर लक्ष द्यावं लागतं आणि घाईला जागा राहत नाही.

श्वास संपण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेक नवे लोक इथेच ओंकार सोडतात. शेजारच्या बाईंशी तुलना करू नका हे मी सांगूनही तुम्ही करणारच, तर निदान कारण समजून घ्या. श्वास तीन ठिकाणी वाया जातो. पहिलं, सुरुवातीच्या 'ओ'ला. माणूस भरभरून श्वास घेतो आणि पहिल्याच झटक्यात अर्धा उधळतो. बोलायला घेतो त्याहून थोडाच जास्त श्वास घ्या आणि आवाज हळू, मऊ सुरू करा. दुसरं, जोराने. वर्गात मोठ्या आवाजाचं एक छुपं अप्रूप असतं. जितका आवाज मोठा तितका श्वास जास्त जळतो. तुमचा आवाज तुमच्या पुढच्या सतरंजीपर्यंत पोचला तरी खूप झालं. 'ओ' आटोपशीर ठेवा आणि 'म'वर जास्त थांबा. ओठ मिटले की हवा नाकातून बारीक धारेने जाते आणि तेवढ्याच श्वासात आवाज बराच वेळ टिकतो.

तिसरं कारण पट्टीचं, आणि त्याकडे योगवर्गात कुणी बघतच नाही. तुमचे सर पुरुष आहेत. त्यांचा सहज लागणारा सूर बहुधा पेटीवरच्या काळी एकच्या आसपास असेल. बायका तो सूर पकडायला जातात तेव्हा एकतर खूप खाली खर्जात दबून म्हणतात, नाहीतर एक सप्तक वर जाऊन ओढून म्हणतात. दोन्हीत गळा ताणतो आणि श्वास लवकर सरतो. बायकांना सहज पेलणारी पट्टी बहुतेक काळी चारच्या जवळ असते, आणि काळी चार हा काळी एकचा पंचम, म्हणजे काळी एकला 'सा' धरलं तर 'प'. तानपुऱ्यात षड्ज आणि पंचम एकत्र वाजतात तसे तुमचे दोघांचे सूर एकत्र गोडच लागतील. तेव्हा सरांच्या सुराला सूर लावायचा अट्टहास सोडा. बोलताना जो तुमचा आवाज, त्याच उंचीवर ओंकार लावा. कुणी बेसूर म्हटलं तर ही काळी एक आणि काळी चारची गोष्ट सांगा.

आवाज थरथरू लागला की थांबायचं, शेवटचा थेंब पिळून काढायचा नाही. मग ओठ मिटून नाकाने श्वास आपोआप येऊ द्या. लागलाच तर मधे एक साधा श्वास घ्या आणि पुढचा ओंकार सोडून द्या. वर्गाचे 11 होईपर्यंत तुमचे सहा-सात झाले, तर काही बिघडलं नाही. श्वास कोंडून धरणं ओंकारात कुठेच अपेक्षित नाही. डोकं हलकं झालं, चक्कर आल्यासारखं वाटलं, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करताय. दोन मिनिटं गप्प बसलं की ते जातं.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून गळ्याबद्दल चार शब्द. दिवसाला पाच-सहा तास वर्गात बोलणाऱ्या गळ्यावर सकाळी सकाळी मोठ्या आवाजाचा भार टाकू नका. घोटभर कोमट पाणी पिऊन जा. मिटल्या ओठांचा गुंजारव तुमच्यासाठी सगळ्यांत चांगला. आवाजाचे उपचार करणारे तज्ज्ञही थकलेल्या गळ्याला अशाच प्रकारचे व्यायाम देतात. संध्याकाळी घसा बसलेला असेल तर मोठ्याने काहीच म्हणू नका. परंपरेत जपाचे तीन प्रकार मानले आहेत: मोठ्याने म्हणायचा वाचिक, नुसते ओठ हलवायचा उपांशु, आणि मनातल्या मनात करायचा मानस. तिसऱ्याला सर्वांत श्रेष्ठ मानलंय. श्वास सावकाश सोडता सोडता मनातल्या मनात म्हटलं की गळ्यालाही सुट्टी. आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर मंत्र-काढे बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. शिक्षकांमध्ये स्वरयंत्रावर गाठी होण्याचं प्रमाण कमी नाही.

कानात संसर्ग असेल, सर्दीने दडे बसले असतील, तर गुंजारव चार दिवस थांबवा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती चालूच ठेवायची. ओंकाराने ती सुटली असं कुणी सांगितलं तर त्यांच्या डॉक्टरांचं नाव विचारा!

सरांशी कसं बोलायचं? वर्ग संपल्यावर, बाकीचे सतरंज्या गुंडाळत असताना, एकट्याने. असं म्हणा: "सर, घरच्या वळणामुळे मला मंत्र म्हणायला संकोच वाटतो. मी ओंकाराच्या वेळी भ्रामरी करते आणि शांतिमंत्र ऐकते. चालेल ना?" चांगला शिक्षक असेल तर हो म्हणेल, आणि कदाचित सर्वांसमोर बोलल्याचं त्यालाही वाईट वाटेल. नाही म्हणाला तर सांगलीत दुसरे वर्ग असतीलच.

आणि एक काम तुमच्या स्वभावाला जमेल असं. वर्गात बसल्यावर, ओंकार सुरू व्हायच्या आधी, घड्याळ लावून मिनिटाला किती श्वास होतात ते मोजा. ओंकार संपल्यावर दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. मोजायला लागलं की श्वास जरा बदलतोच, पण दोन्ही वेळा सारखाच बदलेल, तेव्हा तुलनेला हरकत नाही. वहीत तारीख घालून लिहून ठेवा. शेजारी एका शब्दात मनाची अवस्था लिहा: त्रासलेलं, ठीक, निवांत, काय असेल ते. दीड-दोन महिने हे करा. फरक दिसला तर पुढे म्हणा, कुणासाठी नाही तर त्या वहीसाठी. नाहीच दिसला, तर ओंकाराच्या वेळी खुशाल ओठ मिटून बसा आणि आसनं मात्र सोडू नका. कंबर त्यांनीच बरी केलीय.